युद्धात जिंकले, तहात हरले : जॉन वॉर्ड आणि १८९० ची खेळाडूंची लीग

१२ मे १८९०. न्यू यॉर्कमध्ये कूगन्स हॉलो नावाच्या सखल जागेत बेसबॉलची दोन मैदाने पाठीला पाठ लावून उभी होती, मध्ये जेमतेम एक बोळ. एका मैदानात नॅशनल लीगचे जायंट्स बोस्टनशी खेळत होते. सामना एरवी नऊ इनिंगचा (डावांचा), पण बारा इनिंग झाल्या तरी फलक ०-० वरच होता. जायंट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एमस रूसी अठरा वर्षांचा, बोस्टनचा किड निकोल्स वीस वर्षांचा, आणि दोघेही पहिल्या चेंडूपासून टाकतच होते. तेराव्या इनिंगमध्ये माइक टियर्ननने मारलेला चेंडू सेंटर फील्डच्या कुंपणावरून थेट शेजाऱ्यांकडे गेला. तिथेही सामना चालू होता आणि तिथला यजमान संघही न्यू यॉर्क जायंट्सच होता, फक्त दुसऱ्या लीगचा. त्या फटक्याला दोन्ही मैदानांतून टाळ्या पडल्या.

एकाच शहरात, एकाच नावाचे दोन संघ, भिंतीला भिंत लावून, एकाच दुपारी तिकिटे विकत होते. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो दोन्ही बाजूंनी समजून-उमजून केला होता. तो का केला, आणि ज्यांची बाजू जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर सरस ठरली तेच शेवटी का बुडाले, हे समजून घ्यायचे तर जॉन माँटगोमेरी वॉर्डपासून सुरुवात करावी लागते.

माणूस

वॉर्डचा जन्म ३ मार्च १८६० चा, पेनसिल्व्हेनियातल्या बेलफॉन्ट गावचा. चौदाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेलेले. तेराव्या वर्षीच तो पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात दाखल झाला होता, पण उचापतींमुळे तिथून बाहेर पडावे लागले. काही दिवस फिरता विक्रेता म्हणून काम केले, ते जमले नाही, आणि मग पोटासाठी बेसबॉल. १८७८ मध्ये, अठराव्या वर्षी, तो नॅशनल लीगच्या प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाचा पिचर झाला. पुढच्याच वर्षी त्याने ४७ सामने जिंकून दिले आणि प्रॉव्हिडन्सला विजेतेपद मिळाले.

१७ जून १८८० रोजी बफेलोविरुद्ध त्याने परफेक्ट गेम टाकला. म्हणजे समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले, एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलच्या इतिहासातला हा दुसरा परफेक्ट गेम. पहिला अवघ्या पाच दिवस आधी ली रिचमंडने टाकला होता. नॅशनल लीगला तिसरा बघायला १९६४ साल उजाडावे लागले. १८८२ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध तो अठरा इनिंग एकटा पिचिंग करत राहिला आणि सामना १-० ने जिंकला.

अशाने खांदा टिकत नाही. १८८३ मध्ये तो न्यू यॉर्कला आला आणि १८८४ मध्ये बेसवर धावताना उजव्या हाताला दुखापत झाली. त्यावर त्याने काढलेला तोडगा मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा बोलका वाटतो. तो डाव्या हाताने फेक करायला शिकला आणि उरलेला मोसम सेंटर फील्डमध्ये खेळला. उजवा हात बरा झाल्यावर शॉर्टस्टॉप झाला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, सगळ्यात जास्त चेंडू ज्याच्याकडे येतात तो क्षेत्ररक्षक. एक दार बंद झाले की हा माणूस दुसरे शोधून ठेवायचा. खेळता खेळता त्याने कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली, १८८५ मध्ये. त्या काळी बेसबॉलपटू म्हणजे दारू, जुगार आणि मारामाऱ्या अशीच लोकांची समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. या कळपात एक वकील तयार झाला, हे मालकांच्या उशिराच लक्षात आले.

कलम

वादाचे मूळ २९ सप्टेंबर १८७९ च्या एका करारात आहे. नॅशनल लीगच्या क्लबांनी बफेलोत बसून आपसात ठरवले की प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू 'राखून' ठेवायचे आणि त्यांना दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. कल्पना बोस्टनच्या आर्थर सोडनची. यालाच पुढे रिझर्व्ह कलम म्हणू लागले. पाचाचे १८८३ मध्ये अकरा झाले, १८८७ मध्ये चौदा, म्हणजे जवळजवळ अख्खा संघ. सुरुवातीला खेळाडूंना ही राखण मानाची वाटली, कारण राखलेल्याची नोकरी पक्की. राखला म्हणजे बांधला, हे हळूहळू उमगले.

आयपीएलमुळे 'रिटेन' शब्द आता आपल्याही घराघरात पोचला आहे, पण दोन्हींत फरक आहे. तिथे करार संपतो. इथे करार वर्षाचा, पण वर्ष संपले की क्लब खेळाडूला पुढच्या वर्षासाठी राखणार, त्या वर्षाच्या शेवटी पुन्हा राखणार. खेळाडूला पगार पटला नाही तर त्याने घरी बसावे. उलट क्लबला तो नको झाला तर दहा दिवसांची नोटीस पुरे. एका बाजूला जन्मभराचे बंधन, दुसऱ्या बाजूला दहा दिवसांचे. पुढे कोर्टात हीच तफावत निर्णायक ठरली.

१८८५ च्या ऑक्टोबरात मालकांनी पगारावर २,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली. त्याच महिन्यात, २२ तारखेला, न्यू यॉर्कच्या नऊ खेळाडूंनी आपली संघटना काढली : ब्रदरहुड ऑफ प्रोफेशनल बेसबॉल प्लेअर्स. अध्यक्ष वॉर्ड, सचिव पिचर टिम कीफ. पगाराची मर्यादा मालक स्वतःच किती पाळत होते ते १८८७ मध्ये दिसले. शिकागोने आपला लाडका खेळाडू किंग केली बोस्टनला १०,००० डॉलरना विकला. ते पैसे गेले शिकागोच्या मालकाला. बोस्टनने केलीला पगार दिला नियमाप्रमाणे २,०००, आणि त्याचे छायाचित्र वापरण्याचे म्हणून वर ३,०००!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लिपिनकॉट्स' मासिकात वॉर्डचा लेख आला. शीर्षकातच प्रश्न होता : बेसबॉल खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे का? पळून गेलेल्या गुलामाला पकडून परत धन्याच्या हवाली करणारा कायदा अमेरिकेत कालपरवापर्यंत होता. रिझर्व्ह कलम त्याच जातीचे आहे, असे त्याने लिहिले. २,००० डॉलर पगार घेणाऱ्याने गुलामीची भाषा करावी हे अनेकांना खटकले, कारण साध्या कामगाराच्या कमाईच्या तो कितीतरी पट होता. माझी अडचण वेगळी आहे. त्याच जुलैत इंटरनॅशनल लीग या खालच्या दर्जाच्या लीगच्या संचालकांनी ठराव केला होता की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत. ज्यांचे आईबाप खरोखर विकले गेले असतील अशा खेळाडूंसाठी मैदानाचे दार बंद होत होते. गुलामीचा दाखला देणाऱ्या ब्रदरहुडने त्या दाराला हात लावला नाही.

ठिणगी

१८८८ च्या हिवाळ्यात शिकागोचा मालक अल्बर्ट स्पाल्डिंग दोन संघ घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला. हा स्वतः जुना पिचर, आता खेळाच्या सामानाचा बडा व्यापारी. दुसऱ्या संघाचा कप्तान होता वॉर्ड. ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्तचे पिरॅमिड, इटली, इंग्लंड असा हा दौरा. खेळाडूंचा पुढारी असा सातासमुद्रापार असताना इकडे मालकांनी नवा नियम पास करून टाकला. इंडियानापोलिसच्या जॉन ब्रशने तो सुचवला होता. प्रत्येक खेळाडूला 'अ' ते 'इ' अशी श्रेणी द्यायची, 'अ'ला २,५०० डॉलर, 'इ'ला १,५००. श्रेणी नुसत्या खेळावर नाही, मैदानाबाहेरच्या वागणुकीवरही ठरणार. भरीला, न्यू यॉर्कचा मालक जॉन डे वॉर्डला १२,००० डॉलरना वॉशिंग्टनला विकण्याची बोलणी करत होता. वॉर्ड दौरा अर्धवट सोडून मार्च १८८९ मध्ये परतला, वॉशिंग्टनला जायला त्याने साफ नकार दिला आणि ती विक्री बारगळली.

खेळाडू चिडले होते. ४ जुलैला, ऐन सुट्टीच्या गर्दीच्या दिवशी, संप करावा अशी भाषा सुरू झाली. वॉर्डने तो होऊ दिला नाही. संप केला असता तर करारभंगाचे खापर खेळाडूंवर फुटले असते. त्याऐवजी मोसम मुकाट्याने पुरा करायचा आणि करार संपताच सगळ्यांनी एकदम बाहेर पडून स्वतःची लीग काढायची, असा त्याचा बेत होता. पैसा? क्लीव्हलंडचा अल्बर्ट जॉन्सन पुढे आला. त्याच्या घोड्यांच्या आणि विजेच्या ट्राम होत्या. ट्रामच्या मार्गावर मैदान असले की दर सामन्याला हजारो भाडी. इतर शहरांतही असेच पैसेवाले मिळाले. बेसबॉलचे प्रेम त्यांना नव्हते असे नाही, पण हिशेबाची वही प्रत्येकाच्या खिशात होती.

४ नोव्हेंबर १८८९ ला ब्रदरहुडने जाहीरनामा काढला. एकेकाळी सचोटीसाठी ओळखली जाणारी नॅशनल लीग आज फक्त डॉलर आणि सेंट ओळखते, खेळाडूंची मेंढरांसारखी खरेदी-विक्री झाली, असा त्याचा सूर होता.

नव्या लीगची घटना आजही वाचण्यासारखी आहे. रिझर्व्ह कलम नाही, श्रेणी नाहीत, काळी यादी नाही. खेळाडूला तीन वर्षांचा करार. कारभार सोळा जणांच्या सिनेटकडे, आठ खेळाडूंचे आणि आठ पैसेवाल्यांचे. नफ्यात खेळाडूंचा वाटा. सामन्याला एकाऐवजी दोन अंपायर. चेंडूसुद्धा टिम कीफच्याच भागीदारीतल्या कंपनीचा, म्हणजे स्पाल्डिंगच्या दुकानालाही टाचणी. कॉनी मॅक, जो पुढे फिलाडेल्फियाचा पन्नास वर्षे मॅनेजर राहिला, त्याने आपली शिल्लक ५०० डॉलर बफेलोच्या क्लबमध्ये घातली.

कोर्ट आणि मोसम

नॅशनल लीगने पहिला वार कोर्टात केला. वॉर्ड आमच्याकडे राखीव आहे, त्याला दुसरीकडे खेळण्यास मनाई करा, असा दावा जायंट्सच्या कंपनीने लावला. २८ जानेवारी १८९० ला न्यू यॉर्कचे न्यायमूर्ती मॉर्गन ओब्रायन यांनी मनाई हुकूम नाकारला. राखलेल्या वर्षासाठी पगार किती, अटी कोणत्या, हे करारात कुठेच नव्हते. इतक्या मोघम कराराची अंमलबजावणी कोर्टाने करायची कशी? आणि एक पक्ष वर्षानुवर्षे अडकलेला, दुसरा दहा दिवसांत मोकळा, यात न्याय्य देवाणघेवाण कुठे आहे? दोन महिन्यांनी जायंट्सच्याच बक यूइंग या खेळाडूच्या खटल्यात केंद्रीय न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितले की रिझर्व्ह कलम म्हणजे फार तर 'जमले तर पुढे करार करू' असा करार.

स्पाल्डिंग मग थैली घेऊन निघाला. त्याने किंग केलीसमोर १०,००० डॉलरचा चेक ठेवला, वर हवा तो पगार. केली थोडा वेळ चक्कर मारून आला आणि म्हणाला, पोरांना दगा देता येणार नाही. हे स्पाल्डिंगनेच पुढे सांगितले आहे. त्याच बैठकीत केलीने त्याच्याकडून ५०० डॉलर उसने घेतले, हेही.

बहुतेक नामवंत खेळाडू नव्या लीगमध्ये गेले. आठपैकी सात शहरांत दोन्ही लीगचे क्लब होते आणि नॅशनल लीगने मुद्दाम त्याच तारखांना सामने लावले. रिकाम्या झालेल्या पिट्सबर्गच्या संघाने त्या वर्षी २३ सामने जिंकले आणि ११३ हरले. नव्या लीगमध्ये केलीचे बोस्टन पहिले आले, वॉर्डचे ब्रुकलिन दुसरे. वॉर्ड मॅनेजर होता, शॉर्टस्टॉप होता आणि त्याची फलंदाजीची सरासरी .३३५ होती, म्हणजे दर हजार संधींत ३३५ हिट (बेसवर पोचवणारे फटके).

प्रेक्षकांचे जाहीर झालेले आकडे असे : खेळाडूंची लीग सुमारे ९ लाख ८१ हजार, नॅशनल लीग सुमारे ८ लाख १४ हजार. दोन्ही चिमटीत धरूनच वाचावेत, कारण दोन्हीकडे फुगवाफुगवी चालू होती. स्पाल्डिंगची एक आठवण आहे. वार्ताहराने गर्दी विचारली तेव्हा क्लबच्या सचिवाने शांतपणे 'चोवीस-अठरा' सांगितले. वार्ताहराने २,४१८ लिहून घेतले. तो गेल्यावर सचिवाने खुलासा केला : मैदानाच्या एका बाजूला चोवीस, दुसऱ्या बाजूला अठरा.

खरी परिस्थिती ही होती की दोघेही बुडत होते. जुलैत जॉन डेचे दिवाळे निघायची वेळ आली. न्यू यॉर्कचा क्लब कोसळला असता तर नॅशनल लीगचे कंबरडेच मोडले असते. इतर मालकांनी गुपचूप ८०,००० डॉलर उभे करून त्याला तारले. त्याची वाच्यता बाहेर झाली नाही.

तह

इथे प्रकरण उलटते. ऑक्टोबर १८९० मध्ये नव्या लीगचे जॉन्सन, न्यू यॉर्कचा टॅलकॉट आणि ब्रुकलिनचा गुडविन नॅशनल लीगच्या लोकांना भेटायला गेले. बोलणी सुरू करताना आपण किती गमावले हे त्यांनी सांगून टाकले. समोर स्पाल्डिंग बसलेला. आपल्या बाजूची दुर्दशा त्याला पुरती माहीत होती, पण चेहऱ्यावर सुरकुती उमटू दिली नाही. समोरचेच रडायला आले आहेत म्हटल्यावर त्याने बिनशर्त शरणागती मागितली. पत्त्यांत हलकी पाने असताना बोली चढवणारा असतो ना, तसा.

खेळाडू उशिरा जागे झाले. पुढच्या बैठकीला वॉर्ड, नेड हॅनलन आणि आर्थर अर्विन प्रतिनिधी म्हणून गेले. नॅशनल लीगने सांगितले की आम्ही भांडवल गुंतवणाऱ्यांशी बोलू, खेळाडूंशी नाही. वॉर्डने विचारले, बेसबॉल खेळणे हा धंदा असला की माणूस सभ्य लोकांबरोबर व्यवहाराला बसायला अपात्र ठरतो, असे या सद्‌गृहस्थांना नोंदवून ठेवायचे आहे काय? प्रश्न बिनतोड होता. तिघे बाहेरच राहिले. मग एकेका पैसेवाल्याने आपापली सोय पाहिली. टॅलकॉटने न्यू यॉर्कचा क्लब डेच्या क्लबात मिळवला, पिट्सबर्गनेही तेच केले, शिकागोचा क्लब स्पाल्डिंगने विकत घेतला. १८९१ च्या जानेवारीपर्यंत लीग संपली.

वॉर्डला दोष द्यायचा तर तो एवढाच, की त्याने लढाईचा नकाशा वकिलाच्या नजरेने काढला. खेळाडू आणि क्लब यांच्यातला करार त्याने इतका साफ केला की कोर्टही त्याच्या बाजूने बोलले. पण क्लबचे शेअर, मैदानांचे भाडेपट्टे, लाकडी स्टँड हे सगळे पैसेवाल्यांच्या नावावर होते आणि त्यांना एका मोसमाच्या तोट्यानंतर पळून जाण्यापासून रोखेल असे काही त्याच्या हातात नव्हते. सिनेटमध्ये आठाला आठ मते असणे कागदावर समान दिसते. तोटा वाटून घेताना ते समान नव्हते, आणि तोटा ज्याच्या वहीत पडतो त्याच्याशीच शत्रू बोलायला येतो. स्पाल्डिंग हे पहिल्यापासून ओळखून होता. कायद्यात तो हरला, तिकीट खिडकीवर हरला, पण समोरच्या आठ पाकिटांपैकी एक जरी फुटले तर बाकीची फुटणार, हा त्याचा हिशेब बरोबर निघाला. केलीला फोडायला गेला तिथे मात्र तो चुकला होता. खेळाडू फुटत नव्हते.

खेळाडूंवर सूड असा उगवला गेला नाही. बहुतेक जण आपापल्या जुन्या क्लबांत परत गेले, रिझर्व्ह कलमासकट. वर्षभरात अमेरिकन असोसिएशन ही दुसरी मेजर लीगही मोडली, बारा संघांची एकच लीग उरली आणि पगार उतरू लागले. ब्रदरहुड राहिले नाही. त्या कलमाचा निकाल लागायला २३ डिसेंबर १९७५ उजाडावा लागला. लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या प्रकरणात ठरवले की एक वर्ष राखणे म्हणजे एकच वर्ष, अनंत काळ नव्हे. ओब्रायनसाहेबांच्या कोर्टात जे बोट ठेवले गेले होते त्याच जागेवर, ८५ वर्षांनी.

वॉर्ड स्वतः १८९४ पर्यंत खेळला. शेवटच्या वर्षी न्यू यॉर्कचा मॅनेजर म्हणून बाल्टिमोरला ४-० ने हरवून त्याने टेंपल कप (लीगमधल्या पहिल्या दोन संघांची मोसमानंतरची मालिका) जिंकला आणि चौतिसाव्या वर्षी वकिली करायला निघून गेला. पिचर म्हणून १६४ विजय आणि फलंदाज म्हणून दोन हजारांवर हिट, असा जोड हिशेब असलेला दुसरा खेळाडू मेजर लीगमध्ये झालेला नाही. पुढे तो बोस्टनच्या क्लबचा काही काळ अध्यक्ष होता, गोल्फही चांगला खेळायचा. ४ मार्च १९२५ ला, पासष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, जॉर्जियातल्या ऑगस्टात न्यूमोनियाने गेला. हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले १९६४ मध्ये.

एक गोष्ट मध्ये राहिली. वॉर्ड खेळ सोडून वकिलीच्या टेबलाशी बसला तरी न्यू यॉर्क क्लबने त्याचे नाव राखीव यादीतून काढले नव्हते. तो परत खेळणार नव्हता, तरी कागदावर त्यांचाच होता. ते नाव काढून घ्यायला त्याला रीतसर अर्ज करावा लागला. १८९६ मध्ये तो मंजूर झाला.